शोभाबाईचं तयार उत्तर

सुरतेच्या उधन्यातल्या त्या गल्लीत शोभाबाईला कुणी खोटारडी म्हणत नसे. हुशार म्हणत. आणि तिच्या थापा जवळून पाहिलेला माणूस असेल तर हुशारच्या आधी 'लई' लावत असे.

दीर बायकापोरांसकट गावाकडून आला आणि दोन खोल्यांत आठ महिने राहिला, तेव्हा घरमालकाला ती दर आठवड्याला सांगायची, "पाहुणे आहेत, रविवारी जाणार." कुठला रविवार हे त्याने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. धनश्रीला शाळेत घालताना वय कमी भरत होतं, तर मास्तरांना म्हणाली, "पोर मोठी आहे, अंगानं बारीक आहे एवढंच." नवऱ्याचं, चिंधाचं, बोट मागात सापडून टोक गेलं. गावी सासू वाट बघत फोनला कान लावून बसलेली. तिला हिने सांगितलं, "सुपारी कातरताना जरा लागलं." म्हातारी त्या रात्री सुखाने झोपली. खोटं बोलायचं तर असं, की ऐकणाऱ्याला झोप लागली पाहिजे.

आणि खरं सांगायचं तर यातलं एकही खोटं तिने स्वतःसाठी बोललेलं नव्हतं. अमळनेरकडच्या खेड्यातून नव्या नवरीची हळदही उतरली नसताना ती सुरतेत आली, तेव्हा तिच्याजवळ ना शिक्षण होतं, ना ओळखपाळख. समोरचा माणूस प्रश्न विचारतो तो अडवायलाच, हे तिला आठ दिवसांत कळलं होतं. तेव्हापासून प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे. नवऱ्याला विचारलं तरी उत्तर हीच देई. पोरांना विचारलं तरी हीच.

धनश्री तिची थोरली. सहावीत फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्मा लागला, तो नंबर वाढत वाढत काचा जाड करून गेला. शिकून ती एका साडीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर लागली. ट्यूबलाइटच्या उजेडात साडी पुढे सरकत राहते आणि पोरगी तुटलेला धागा, सुटलेला टाका, तेलाचा डाग हेरत राहते. नजर पक्की. पण चष्म्यावर दिवसभर कापडाची रुई बसायची, आणि काच पुसता पुसता पोरगी डोळेही चोळायची. ती सवय लहानपणापासूनचीच.

स्थळं आली तशी चष्मा बघून गेली. मग शोभाबाईने तिला डोळ्यात घालायच्या लेन्स घेऊन दिल्या, लग्नकार्यापुरत्या. आणि चष्म्याशिवायचा फोटो सुरतेतच कोसाडला राहणाऱ्या मालतीबाईंकडे पाठवला. मालतीबाईंचा गजेंद्र एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं काम कॉम्प्युटरवर करायचा. पोरगा शांत, हसरा. धनश्रीला तो आवडला होता, आणि ही गोष्ट शोभाबाईने पोरीच्या चेहऱ्यावरून बरोबर ओळखली होती. मालतीबाईंनी मात्र पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, "एक सून चष्म्याची आणली, तर नातवालाही चौथ्या वर्षी चष्मा. आता दुसरी नको बाई."

"आमच्या पोरीची नजर घारीची," शोभाबाई म्हणाली होती. उत्तर तयारच होतं.

साखरपुडा गणपतीच्या आधीचा ठरला. त्याच्या आत पोरीची नजर खरोखर घारीची करून टाकली म्हणजे आपलं खोटं खोटं राहणारच नाही, असा तिचा सरळ हिशेब. म्हणून मायलेकी रिंगरोडजवळच्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरबाई गुजराती होत्या. हिंदीत सावकाश, समजावून बोलणाऱ्या. त्यांनी प्लॅस्टिकचा एवढा मोठा डोळा टेबलावर ठेवला आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा दाखवला. लेझरने या पडद्याचा आकार बदलायचा, म्हणजे नंबर जातो. मात्र तिथे पोचायच्या वाटा तीन. पहिली सगळ्यांत जुनी: वरची पातळ साल खरवडून काढायची आणि उघड्या भागावर लेझर मारायचा. साल पुन्हा येते, पण तीनचार दिवस डोळ्याची आग आग होते आणि नजर नीट बसायला महिनाभर लागतो. दुसरी: पडद्याचा वरचा थर झाकणासारखा कापून बाजूला उलटायचा, आत लेझर चालवायचा आणि झाकण परत बसवायचं. दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसतं. पण ते झाकण पहिल्यासारखं घट्ट कधीच चिकटत नाही. जोराचा मार बसला तर सरकू शकतं, आणि डोळे बरेच दिवस कोरडे पडतात. तिसरी नवी: झाकण नाहीच. लेझरने आतल्या आत भिंगाएवढी चकती कोरायची आणि बारीक छेदातून ती ओढून काढायची. कोरडेपणा कमी, सरकायला काही नाही.

"साडीचा फॉल न उसवता आतला धागा ओढावा तसं," धनश्री पुटपुटली. डॉक्टरबाई हसल्या.

"सगळ्यांत लवकर कुठलं?" शोभाबाईने विचारलं.

"लवकर दुसरी आणि तिसरी. पण कुठली करायची ते मी नाही ठरवत, तुम्हीही नाही. पडदा किती जाड आहे, त्याचा आकार कसा आहे, याचा नकाशा मशीन काढतं. पडदा पातळ असेल तर दुसरी बाद. आकार बिघडलेला असेल तर तिन्ही बाद. आणि ऐका, नकाशाच्या आधी पंधरा दिवस लेन्स घालायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही."

का नाहीत, ते डॉक्टरबाई सांगणारच होत्या. पण बाहेर कुणीतरी बोलावलं आणि त्या उठल्या. शोभाबाईने ते पथ्याच्या खात्यात टाकलं. डॉक्टर म्हटला की तो काहीतरी नको म्हणणारच. आंबट नको, तेलकट नको, लेन्स नको.

दहाबारा दिवस पथ्य पाळलंही. पण मध्ये आला कानबाईचा, खान्देशातल्या देवीचा, सण. श्रावणातला तो रविवार खान्देशी माणूस कुठेही असो, चुकवत नाही. भाऊबंद जमले, नैवेद्याच्या रोटांचं दळण झालं, चौरंगावर कानबाई बसली. आणि शनिवारीच मालतीबाईंचा फोन, "रोट तुमच्या घरचे, ते तुमच्या भाऊबंदांनी खावेत. पण दर्शनाला आणि जागरणाला आम्ही येतो, गजेंद्रपण येतोय. होणारी व्याही मंडळी, परकी थोडीच!"

पोरीला चष्म्यात दाखवायची कशी?

"घाल लेन्स," ती म्हणाली.

"माय, डॉक्टर नही म्हने ना."

"एक रातनी काय व्हस? कानबाई बठेल शे घरमा. ती बघी लेई."

एका रात्रीचा दीड दिवस झाला. पाहुणे रविवारी दुपारीच आले. रात्रभर गाणी, फुगड्या. सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर विसर्जन. धनश्रीचे डोळे लालबुंद झाले होते, पण ती हसत होती, कारण गजेंद्र दोन वेळा तिच्या बाजूने चालला होता. घरी येऊन लेन्स काढल्या तेव्हा सोमवारची दुपार टळली होती. नकाशा मंगळवारी सकाळी.

मशीनवरच्या मुलीने विचारलं, "बेन, लेन्स क्यारथी बंध छे?"

लेन्स कधीपासून बंद, हा प्रश्न धनश्रीला होता. धनश्रीने आईकडे पाहिलं. आणि शोभाबाईने, जिने आयुष्यभर घरातल्या प्रत्येकाचं उत्तर दिलं होतं, तिने याही वेळी दिलं.

"पंदर दिवसथी."

मुलीने लिहून घेतलं. नकाशा निघाला. डॉक्टरबाईंनी तो बराच वेळ पाहिला, पडदा थोडा पातळ आहे म्हणाल्या, पण आकार सरासरी ठीक. तिसरी पद्धत चालेल. गुरुवार ठरला.

गुरुवारी सकाळी ऑपरेशनच्या दाराबाहेर शोभाबाई बसली होती. दारावर लाल दिवा. आत आधी एका मुलाचं ऑपरेशन, मग धनश्रीचं. दोघांनाही थेंब घालून, टोपी-गाऊन चढवून आत नेलं होतं. शोभाबाईच्या शेजारी त्या मुलाची आई. वंदनाताई म्हणून, बारडोलीला बँकेत नोकरीला. मराठी ऐकल्यावर दोघींची गाठ पडायला कितीसा वेळ लागणार?

"आमच्या हर्षलचं मागच्या महिन्यातच व्हायचं," वंदनाताई म्हणाल्या. "याने लेन्स घातल्या होत्या क्रिकेटची मॅच म्हणून. एकच दिवस हो! आणि नकाशाच्या वेळी खरं सांगून टाकलं. परत पाठवलं डॉक्टरांनी. मी चिडले, म्हटलं एका दिवसाने काय होतं? तर म्हणाल्या, लेन्स बुबुळावर बसते, दाबते, त्याचा आकार बदलतो. मग नकाशा डोळ्याचा निघत नाही, लेन्सने दाबलेल्या डोळ्याचा निघतो. पडद्यात काही दोष असला, फुगवटा असला, तर तो दाबाखाली झाकून जातो."

"मग?" शोभाबाई म्हणाली.

"मग काय, लेझर त्याच नकाशावर चालणार. मुळात कमजोर असलेला पडदा आणखी कापला तर पुढे तो फुगत जातो म्हणे. मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. कापलेलं परत जोडता येतं का? म्हणून तर एवढं विचारतात. तुमच्या मुलीच्या लेन्स किती दिवस बंद होत्या?"

शोभाबाईचं उत्तर जन्मात पहिल्यांदा तयार नव्हतं.

ती उठली. पोरीचे डोळे. दिवसभर साडीवर फिरणारे, त्या डोळ्यांवरच पोरगी उभी आहे. पण आता ओरडलं तर? ऑपरेशन थांबणार. साखरपुड्याला पोरगी चष्म्यात. मालतीबाई उठून जाणार, आणि कानबाईच्या रात्री कसं फसवलंत ते चारचौघांत सांगणार. गजेंद्र जाणार. आणि न ओरडावं तर, कदाचित काहीच होणार नाही. हजारांत एखाद्याचा पडदा कमजोर असेल. आपलीच पोर कशाला असेल? असं म्हणत ती दाराशी गेली, मागे आली, परत गेली.

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. नर्स बाहेर डोकावली तशी तिला धरून म्हणाली, "बेन, मारी दीकरीने ताव छे. सकाळपासून ताप आहे. आज राहू द्या."

नर्स आत गेली. शोभाबाईला वाटलं, निभावलं. आज थांबलं की पंधरा दिवसांनी गुपचूप नवा नकाशा काढू, मालतीबाईंना काहीतरी सांगू, साखरपुडा पुढे ढकलू, कुणाला कळणारही नाही. दोन मिनिटं ती जगातली सगळ्यांत सुखी बाई होती.

नर्स परत आली. हसत होती. "ताव नथी, बेन. में जोयुं. तमे चिंता न करो, बधी मम्मी आवुंज करे." तिने ताप पाहिला होता; सगळ्याच आया असं करतात म्हणे.

आणि तेवढ्यात लाल दिवा विझला. दार उघडलं. हर्षल काळा गॉगल लावून, नर्सचा हात धरून बाहेर आला. "झालं पण, आई," म्हणाला. वंदनाताईंनी त्याला जवळ घेतलं. आतून हाक आली, "धनश्री!" दार बंद होऊ लागलं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. पण इथे गोटा बसणार होता तो दुसऱ्याच्याच कपाळी.

शोभाबाईने दारात हात घातला. बोटं चेमटली, कळ मस्तकात गेली, तरी हात काढला नाही.

"थांबाडा! मनी पोरले हात नका लावू! मी खोटं बोलनी! लेन्स घालेल व्हती तिनी! मी खोटं बोलनी!"

तिची अहिराणी त्या नर्सला कळेना. ती नुसती "शुं थयुं? शुं थयुं?" करत दार लोटू लागली. एवढी वर्षं सुरतेत गुजराती बोलून बोलून जिची जीभ तिथलीच झाली होती, तिला ऐन वेळेला एक शब्द सापडेना. वंदनाताई धावत आल्या. सगळी माणसं वळून पाहू लागली. शोभाबाईने श्वास घेतला आणि शब्द एकेक करून बाहेर काढले.

"हुं खोटुं बोली. पंदर दिवस नथी. सोमवारे लेन्स हती."

डॉक्टरबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत बाहेर आल्या. शोभाबाईकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं. मग त्या जे बोलल्या ते हळू आवाजात बोलल्या, त्यामुळे जास्तच लागलं. अडाणी म्हणून चूक झाली तर समजते, म्हणाल्या. विचारल्यावर खोटं सांगणं समजत नाही. शोभाबाई मान खाली घालून उभी राहिली. एरवी तिला उलट बोलायला खूप सुचलं असतं.

धनश्रीला बाहेर आणलं. अंगात हिरवा गाऊन, डोक्यावर कागदी टोपी, डोळे थेंबांनी बधिर आणि चष्मा नाही. आई चार हातांवर उभी, तरी पोरगी भलतीकडेच बघत म्हणाली, "माय, तू कोठे शे?"

ते ऐकून शोभाबाईला हुंदका फुटला. तिने पोरीचा हात धरला.

"मन्हामुळे व्हयनं हाई," ती म्हणाली.

"मी बी तं चूप बसनी ना, माय," धनश्री म्हणाली. "मले इचारेल व्हतं त्या पोरीनी. मले बी चष्मा नकोच व्हता."

पंधरा दिवस लेन्स पेटीत बंद राहिल्या. त्या काळात मालतीबाईंचे फोन येत होते. साखरपुड्याची साडी कुठल्या रंगाची, फोटोवाला कोण. शोभाबाई फोन चिंधाकडे द्यायची. चिंधाला उत्तरं द्यायची सवयच नव्हती, तो "हा, हा" म्हणून ठेवून द्यायचा.

दुसरा नकाशा निघाला तेव्हा मशीनवरच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला धनश्रीने स्वतः उत्तर दिलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. पहिल्यावर हिरवा रंग सगळीकडे सारखा. नव्यावर डाव्या डोळ्याच्या खालच्या बाजूला लाल डाग चढलेला.

"इथे पडदा पुढे यायला लागला आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवात आहे. डोळे चोळता ना तुम्ही?"

धनश्रीने मान हलवली.

"बंद. आजपासून बंद. दर काही महिन्यांनी तपासणी. वाढलं तर पडदा घट्ट करायचा उपाय आहे, तो करू. पण नंबर घालवायचं ऑपरेशन नाही."

"ती पहिली," शोभाबाई म्हणाली, "साल खरवडायची. दुखलं तर दुखू द्या. महिना लागला तर लागू द्या."

"तीही नाही. तिन्ही नाहीत. त्या दिवशी मी छेद घेतला असता तर हा डोळा गेला असता, बेन." त्या क्षणभर थांबल्या. "तुम्ही ओरडलात ते बरं केलंत. उशिरा ओरडलात, पण ओरडलात."

संध्याकाळी फोन वाजला. मालतीबाई. चिंधा पाळीवर गेलेला. धनश्री आत कपडे बदलत होती. शोभाबाईने फोनकडे पाहिलं, मग पदराने हात पुसून उचलला.

मालतीबाईंनी साडीचंच काढलं. शोभाबाईने त्यांना पुरं बोलू दिलं.

"मालतीताई, माझ्या पोरीला चष्मा आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून. मोठा नंबर आहे. कानबाईला तुम्ही आलात तेव्हा डोळ्यात लेन्स होत्या. मीच घालायला लावल्या. ऑपरेशन करणार होतो, ते होत नाही. चष्मा राहणार. मी तुम्हाला खोटं सांगितलं, यात पोरीचा काही दोष नाही."

मग मालतीबाई बोलल्या. शिव्या दिल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. आधी सांगितलं असतंत तर कदाचित विचार केला असता, म्हणाल्या. चष्म्याचं एक वेळ जाऊ द्या. पण जिथे पहिल्याच बैठकीत डोळ्यांदेखत असं झालं, तिथे पुढे कसा विश्वास ठेवायचा? गजेंद्रला मी सांगते. तुम्ही आता फोन करू नका.

शोभाबाईने फोन खाली ठेवला. धनश्री दारात उभी होती, जाड काचांचा चष्मा लावून. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय म्हनी ती?"

उत्तर जिभेवर आलं होतं. नेहमीसारखं, झोप लागेल असं. घरच्यांना विचारून कळवतील. गजेंद्रचं मन आहे अजून. बघू, दोनचार दिवस जाऊ दे. यातलं काहीही म्हटलं असतं तर पोरीने आजची रात्र तरी आशेवर काढली असती.

"नही म्हनी, बेटा," शोभाबाई म्हणाली.

धनश्री येऊन आईजवळ जमिनीवर बसली, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि रडू लागली. रडता रडता तिचा हात डोळ्यांकडे गेला, तेव्हा शोभाबाईने तो धरून ठेवला. पोरीला रडू दिलं. सगळं नीट होईल, असं ती एकदाही म्हणाली नाही.